आधी माप, मग वरचे

ठरलेल्या कामापलीकडचे काम अंगावर आले तर स्वतंत्र व्यावसायिकाने काय करावे, हा प्रश्न आम्हा अनुवादकांच्या, मुद्रितशोधकांच्या आणि अक्षरजुळणी करणाऱ्यांच्या वर्तुळात दर काही महिन्यांनी निघतो आणि दर वेळी त्याच दोन टोकांना जाऊन अडतो. एका पक्षाचे म्हणणे असते की पैशाशिवाय एक ओळही जास्तीची करू नये. भटाला ओसरी दिली की तो हातपाय पसरणारच. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असते की एवढ्यातेवढ्यासाठी अडून बसणाऱ्याकडे लोक दुसऱ्यांदा येत नाहीत. अलीकडे अशाच एका बैठकीत एका तरुण अनुवादिकेने आपले गाऱ्हाणे सांगितले. एका माहितीपुस्तिकेचा मराठी अनुवाद तिने शब्दामागे ठरलेल्या दराने घेतला होता. काम संपता संपता चित्रांखालच्या ओळी आल्या, मग मलपृष्ठाचा मजकूर आला, मग छापखान्यातून आलेली प्रुफे ‘जरा नजरेखालून घालायला’ आली, आणि बिल मात्र मूळ शब्दसंख्येचेच निघाले. पुढचा अर्धा तास सगळी मंडळी तिच्या स्वभावावर बोलत राहिली. ती भिडस्त आहे की समंजस, तिने ठणकवायला हवे होते की सोसायला हवे होते, यावर प्रत्येकाने मत दिले. चित्रांखालच्या ओळी आल्या त्या दिवशी तिने समोरच्याला काय कळवले, हे मात्र कोणी विचारले नाही.

माझ्या मते सगळा प्रश्न त्या दिवसाचा आहे. वाढीव काम करावे की नाकारावे, त्याचे पैसे घ्यावेत की सोडावेत, हे ज्याने त्याने आपली गरज आणि आपले गिऱ्हाईक पाहून ठरवावे. त्यात शौर्य नाही आणि लाचारीही नाही. परंतु हे काम ठरलेल्यापेक्षा जास्तीचे आहे, त्याची किंमत अमुक होते आणि ती मी घेणार आहे किंवा या वेळी सोडणार आहे, एवढे काम हातात घेण्यापूर्वी लेखी कळवणे हे कर्तव्य आहे. ते चुकवण्याची मुभा उदार माणसालाही नाही, कारण न कळवण्याचा भुर्दंड त्याच्या एकट्याच्या खिशाला बसत नाही.

नात्याचा मुद्दा मांडणाऱ्यांना मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडचा किरकोळ व्यवहार ‘वरच्या’वर चालत आलेला आहे. गवळी माप भरून दूध ओततो आणि मग थोडे वर घालतो. भाजीवाली वजन झाल्यावर चार मिरच्या आणि कढीपत्त्याच्या दोन काड्या पिशवीत टाकते. गिऱ्हाईक टिकते ते पुष्कळदा या वरच्यामुळेच टिकते, आणि माझीही निम्मी कामे अशा जुन्या ओळखींतूनच येतात. पण हे उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरते पाहिलेले नसते. गवळी आधी माप भरतो. ते काठोकाठ भरलेले गिऱ्हाइकाला दिसते, म्हणूनच नंतर घातलेले दूध वरचे म्हणून ओळखू येते. अंदाजाने ओतलेल्या दुधात मूळचे कुठले आणि वरचे कुठले? तिथे त्याने दीड लिटर ओतले तरी गिऱ्हाइकाच्या लेखी तो एक लिटरच असतो, आणि दुसऱ्या दिवशी सव्वा लिटर मिळाले की गवळी लबाड ठरतो.

मी स्वतः तो गवळी झालेलो आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या साठ पानी प्रशिक्षणपुस्तिकेचा अनुवाद मी केला. विषय आवडीचा होता, माणसे भली होती. मी कोष्टकांतल्या बेरजा तपासल्या, मूळ मजकुरातल्या चुका दाखवून दिल्या आणि शेवटी पारिभाषिक शब्दांची सूचीही करून दिली. (शब्दसूची हे अनुवादातले सर्वांत किचकट आणि सर्वांत कमी दिसणारे काम आहे, हे ज्याने ती केली त्यालाच ठाऊक.) यातले काहीही ठरलेले नव्हते आणि यातल्या कशाचाही उल्लेख मी बिलात केला नाही. दुसऱ्या पुस्तिकेच्या वेळी मी शब्दसूचीचे पैसे वेगळे सांगितले, तेव्हा तिथल्या बाई अतिशय सौजन्याने म्हणाल्या, ‘पण मागच्या दरात ती होतीच ना!’ त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांच्या फायलीत एक काम होते, एक रक्कम होती आणि त्या रकमेत शब्दसूची आली होती. माझे औदार्य त्यांना दिसावे अशी एकही खूण मी कुठे ठेवली नव्हती. उपकार केल्याचे समाधान मला मिळाले होते, पण त्यांना उपकार झाल्याची खबरच नव्हती.

शेताच्या वाटेवरून भांडलेल्या कुठल्याही घराला यातले वर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शेजारी आपल्या रानातून येजा करतो, आपण काही बोलत नाही, आणि एके दिवशी तीच वाट त्याच्या हक्काची झालेली असते. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने हा लोकव्यवहार शब्दांत बांधला: वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्क असल्याप्रमाणे वापर झाला की वहिवाटीचा अधिकार तयार होतो. पण हाच वापर मालकाच्या परवानगीने चाललेला असेल तर तो कितीही वर्षे चालला तरी त्याचा हक्क होत नाही. वाट तीच, चालणारा तोच, पैसा दोन्हीकडे एकही नाही. फरक एवढाच की एका मालकाने तोंडाने ‘जा, माझी हरकत नाही’ म्हटले आणि दुसरा नुसता गप्प बसला. बिलात ‘शब्दसूची: या वेळी विनामूल्य’ ही ओळ लिहिणारा माणूस पहिल्या मालकासारखा वागतो. त्याने दिलेले काही कमी होत नाही, आणि दिले ते देणे म्हणून शिल्लक राहते.

वहिवाट एकदा पडली की ती पडू देणाऱ्यापुरती राहत नाही. कामाला सीमाच नसण्याचे सर्वांत भीषण रूप महाराष्ट्राने महार वतनात पाहिले आहे. गावाची आणि सरकारची कामे त्या वतनाला चिकटलेली होती, त्या कामांना वेळेचा वा प्रकाराचा धरबंध नव्हता, वतनदार घरी नसेल तर कुटुंबातल्या दुसऱ्या माणसाला वेठीला धरले जाई, आणि मोबदला म्हणजे तुटपुंजे वतन आणि गावाच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा रोख अपुऱ्या मोबदल्याइतकाच या अमर्याद बंधनावरही होता. ती कनिष्ठ गाववतने प्रत्यक्षात कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. जातीच्या जोखडाखाली पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसांची आणि लॅपटॉपवर काम घेणाऱ्या माझ्यासारख्याची तुलना करणे अश्लाघ्य होईल. मला काम नाकारता येते. त्यांना ते येत नव्हते, आणि हा फरक सगळ्या फरकांहून मोठा आहे. तरीही त्या इतिहासातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ज्या कामाची यादी नसते, त्याचा दर कोणालाच मागता येत नाही, कारण दर कशाचा मागायचा हेच सांगता येत नाही. आजची नवी अनुवादिका चित्रओळींचे पैसे मागायला कचरते, कारण तिच्याआधी आलेल्या आम्ही दहाजणांनी त्या न बोलता करून दिल्या. आमच्या भिडेचे बिल तिच्या नावावर फाटते.

एवढे वाचून पहिल्या पक्षातले लोक खूश होत असतील, तर त्यांनी जरा थांबावे, कारण त्यांच्या विरुद्धचा सर्वांत बळकट आक्षेप गिऱ्हाइकाच्या बाजूने येतो आणि तो खरा आहे. ज्याने आयुष्यात एकदा घराचे फर्निचर करून घेतले आहे त्याला ‘एक्स्ट्रा’ या शब्दाची धडकी भरते. कोटेशन दोन लाखांचे असते. मग बिजागऱ्या चांगल्या बसवल्या म्हणून एक्स्ट्रा, आतून सनमायका लावला म्हणून एक्स्ट्रा, कप्पा वाढवला म्हणून एक्स्ट्रा, आणि शेवटच्या दिवशी, सुतार अर्धा दरवाजा बसवून उभा असताना, हातात तीन लाखांचा कागद पडतो. सरकारी कामांत तर कमी दराची निविदा भरून काम मिळवायचे आणि वाढीव बाबींतून ते वसूल करायचे, ही युक्ती इतकी मुरलेली आहे की तिची कोणाला लाजही उरलेली नाही. मग गिऱ्हाइकाने असे का म्हणू नये, की कामाच्या सीमेची ही सगळी भाषा म्हणजे सभ्य कपडे घातलेली लूट आहे?

परंतु या लुटीत नेमके काय चुकलेले असते? सुताराने कप्पा वाढवल्याचे पैसे मागितले, हा अपराध नव्हे. कप्पा त्याने खरोखरच वाढवला आहे. अपराध हा, की कप्पा वाढवताना तो बोलला नाही, आणि गिऱ्हाइकाला ‘मग राहू द्या, नको मला तो कप्पा’ असे म्हणण्याची संधीच मिळाली नाही. म्हणजे बिल फुगवणारा सुतार आणि गप्प राहून सोसणारी अनुवादिका एकाच जागी चुकतात. एकाच्या मौनाने गिऱ्हाईक बुडते, दुसरीच्या मौनाने ती स्वतः बुडते. सार्वजनिक बांधकामाच्या व्यवस्थेला कितीही नावे ठेवली तरी तिथे या रोगावरचे औषध पूर्वीच शोधून ठेवलेले आहे. मूळ निविदेत असलेल्या बाबीचे परिमाण वाढणे ही एक गोष्ट, आणि निविदेत नसलेली बाब नव्याने उपटणे ही दुसरी गोष्ट, असा भेद तिथे केलेला असतो. नव्या बाबीचा दर दरसूचीवरून किंवा दराचे पृथक्करण करून काढावा लागतो, त्याला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि झालेले काम मोजमाप पुस्तकात, ज्याला सगळे ‘एमबी’ म्हणतात, चढवावे लागते. एमबीवर चढले नाही ते बिलात येत नाही, हे तालुक्याच्या गावी नालीचे काम घेणाऱ्या कंत्राटदारालाही ठाऊक असते. ही व्यवस्था वाकवली जाते, हे मला मान्य आहे, पण ती वाकवायला खोटी नोंद करावी लागते. आम्हा सुशिक्षित स्वतंत्र व्यावसायिकांकडे खोटी करण्यासाठीसुद्धा नोंद नसते.

कायद्याचा कलही याच दिशेने आहे, आणि दोन्ही पक्षांनी तो समजून घेण्यासारखा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७० वे कलम सांगते की एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे. त्या कलमाखाली दिलेले एक उदाहरण मोठे मार्मिक आहे: कोणी आगीतून दुसऱ्याची मालमत्ता वाचवली, पण परिस्थितीवरून ते त्याने विनामोबदला केले असे दिसत असेल, तर त्याला काही मागता येणार नाही. परिस्थितीवरून काय दिसते, यावर सगळे अवलंबून. महिनोन्‌महिने न बोलता जास्तीचे काम करून देणाऱ्याच्या परिस्थितीवरून काय दिसेल? या कलमावरचा प्रसिद्ध निवाडा पश्चिम बंगाल सरकार आणि बी. के. मंडल अँड सन्स यांच्यातला आहे. १९४४ मध्ये या कंत्राटदाराने आरामबागला नागरी पुरवठा खात्याची गोदामे उभारली. मग अधिकाऱ्यांनी आणखी एक कच्चा रस्ता, पहारेकऱ्याची खोली, स्वयंपाकघर, कारकुनांची खोली आणि पुढे खानाकुलला साठवणुकीच्या शेड अशी कामे सांगितली. ती त्याने केली, खात्याने वापरली, आणि पैशांच्या वेळी सरकारने म्हटले की रीतसर करारच झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७० व्या कलमाखाली कंत्राटदाराच्या बाजूने कौल दिला. बहुमताचा निवाडा लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी त्यात स्पष्ट केले की समोरच्याला केलेले काम स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा पर्याय असतो आणि तो स्वीकारतो तेव्हाच हे कलम लागू होते. लाभ गळ्यात मारता येत नाही. नाकारण्याची संधी देणे, म्हणजेच आधी सांगणे, हा मुद्दा असा न्यायाच्या गाभ्याशी येऊन बसतो. अर्थात १९,३२५ रुपयांचा हा वाद १९४४ च्या कामांवरून सुरू होऊन १९६१ च्या अखेरीस निकाली निघाला, हेही विसरू नये. कायदा आपल्या बाजूने असणे आणि पैसे खात्यात येणे यांत सतरा वर्षे जाऊ शकतात.

उलट बाजूही आहे. सैन्याला तूप पुरवणाऱ्या आलोपी प्रसाद अँड सन्स या अडत्यांनी महायुद्धामुळे आपले काम अपेक्षेपेक्षा फार महाग पडले म्हणून जास्तीचा मोबदला मागितला, तेव्हा १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. काम कराराच्या आतलेच असेल आणि त्याचा दर ठरलेला असेल, तर ते जड गेले म्हणून दर वाढत नाही. आमच्यातल्या तक्रारखोरांनी हा निवाडा टेबलासमोर लावून ठेवावा. मूळ इंग्रजी क्लिष्ट निघाले, अंदाजापेक्षा चार रात्री जास्त गेल्या, हे वाढीव काम नव्हे. तो आपला चुकलेला अंदाज आहे. आपल्याच अनुवादातली चूक दुरुस्त करणे हेही वाढीव काम नव्हे. गिऱ्हाइकाने एकदा पसंत केलेला मजकूर त्याच्या साहेबांचे मत बदलले म्हणून पुन्हा लिहून देणे, हे वाढीव काम आहे.

मग ही रेघ ओढायची कुठे? सर्जनशील कामात सीमा आधी कळतच नाही, पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला काय हवे तेच उमगत नाही, असे जे म्हटले जाते ते बऱ्याच अंशी खरे आहे, आणि म्हणून मला दोन जुन्या जहाजांची गोष्ट आठवते. १८०९ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयापुढे बाल्टिक समुद्रातल्या फेरीचा दावा आला. अकरा खलाशांपैकी दोघे क्रॉनस्टाट बंदरात पळून गेले होते, आणि कप्तानाने उरलेल्यांना त्या दोघांचा पगार वाटून देण्याचे कबूल केले होते. न्यायालयाने दावा फेटाळला, कारण प्रवासात अडचणी येणारच आणि त्या निभावण्याचे खलाशांनी आधीच पत्करलेले होते. १८५७ मध्ये दुसरे जहाज आले. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट फिलिपला छत्तीसपैकी सतरा खलाशी काम सोडून गेले, उरलेल्या एकोणिसांत तरबेज असे चारपाचच होते, आणि जहाज मुंबईला न्यायचे होते. कप्तानाने जास्तीचे चाळीस पौंड कबूल केले, आणि या वेळी न्यायालयाने ते द्यायला लावले. कारण एवढ्या तुटपुंज्या माणसांनी जहाज हाकणे इतके धोक्याचे झाले होते की खलाशी मूळ बांधिलकीतून मोकळे झाले होते. अकरातले दोन आणि छत्तीसातले सतरा यांच्यामध्ये कुठेतरी कामाचे परिमाण बदलण्याऐवजी कामाची जातच बदलते. ती जागा आधी आकड्यात सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. पण दोन्ही जहाजांवर एक गोष्ट समान होती, ती अशी की माणसे पुढे निघण्यापूर्वी कप्तानाशी बोलली. मुंबईला पोचल्यावर चाळीस पौंडांची आठवण त्यांना झालेली नाही. सीमा अंधूक असते म्हणून ती विचारायची नसते, हा तर्क उलटा आहे. जिथे बांध स्पष्ट दिसतो तिथे विचारण्याची गरजच कमी पडते.

राहिला तो आक्षेप, ज्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. ज्याच्या हातात एकच गिऱ्हाईक आहे, ज्याचे घरभाडे याच बिलावर आहे, त्याला ‘लेखी कळवा’ असे सांगणे सोपे आहे. सांगणाऱ्याचे पोट भरलेले असते. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याने नोंदणी केलेल्या छोट्या पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत देण्याचे बंधन घातले, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लावले. पण पहिल्याच गिऱ्हाइकाला व्याज लावणारा नवखा माणूस मी पाहिलेला नाही. म्हणूनच ‘नाही म्हणायला शिका’ हा उपदेश मला पोकळ वाटतो. माझे मागणे त्याहून पुष्कळ लहान आहे. नकार द्यायला बळ लागते, पैसे मागायला थोडे बळ लागते; ‘चित्रओळी मूळ कामात धरलेल्या नव्हत्या, त्यांचे इतके होतात, या वेळी घेत नाही’ असे तीन ओळींचे पत्र लिहायला मात्र फारसे बळ लागत नाही. एवढ्यानेही एखादे गिऱ्हाईक दुरावेल, आणि ते नुकसान खरे असेल. पण जे गिऱ्हाईक फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत वाचूनही रागावते, ते पुढे कुठे घेऊन जाणार होते, याचाही हिशेब त्याच कागदावर मांडून पाहावा.

त्या संस्थेचे तिसरे काम अलीकडेच झाले. शब्दसूचीबद्दल मी आधी पत्र पाठवले होते, आणि बाईंनी ‘धन्यवाद’ एवढेच उत्तर दिले होते. बिलात मी ‘शब्दसूची: विनामूल्य’ म्हणून शून्य रकमेची एक ओळ घातली. चार दिवसांनी त्यांच्या हिशेबनिसांचा फोन आला, की शून्याची ओळ त्यांच्या संगणकात चढत नाही, तेव्हा ती काढून बिल पुन्हा पाठवा. मी ती ओळ काढली नाही, दोन ओळींत लिहिली: वर शब्दसूचीची पूर्ण रक्कम, खाली तेवढीच वजा सूट. बिल चढले.